वेग पंधराचा, टायर नवा, तरी मागचं चाक सरकतं

तक्रार एका ओळीची: मोटरसायकल हळू असताना, डावीकडे वळताना, मागचं चाक सरकतं. उजवीकडे वळताना तसं होत नाही. साठच्या वेगात सरळ जाताना तर गाडी रुळावर असल्यासारखी चालते. आणि मागचा टायर आठच दिवसांपूर्वी नवा बसवलेला.

प्रकरण एका गाडीचं म्हणून मांडलं आहे, पण त्यातला एकेक दोष पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजसमोर पावसाळ्याच्या तोंडाशी पाहायला मिळतो. गाडी १५० सीसीची, २०१९ सालची, रोज ऑफिसला जाण्यायेण्याची. पुढे डिस्क आणि एकाच चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा), मागे ड्रम ब्रेक. मागचा टायर १००/९०-१७, ट्यूबलेस. धावलेले किलोमीटर ३४ हजार. चालकाचं वजन ७५ किलो, बहुतेक वेळा एकटाच. रस्ता रोजचा: धायरी, सिंहगड रस्ता, राजाराम पूल, कर्वेनगर, मग कर्वे रस्ता आणि शेवटी डावीकडे एका अरुंद गल्लीत. जवळजवळ सगळा सरळ रस्ता आणि टोकाला एक तीव्र वळण. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

काय काय घडलं

पहिल्यांदा गाडी पडली ती जूनच्या सुरुवातीला, सकाळी. रात्री हलकी सर आली होती, रस्ता ओला होता पण धुतला गेला नव्हता. चालक मेट्रोच्या खांबांलगतच्या लेनमधून डावीकडे आला. वर पुलाचं छत असल्यामुळे ती लेन कोरडी आणि धुळीची होती. गल्लीच्या तोंडाशी झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे. वेग साधारण पंधरा. वळता वळता त्यानं दुसऱ्यावरून पहिला गिअर पाडला आणि क्लच सोडला. मागचं चाक उजवीकडे सटकलं, गाडी डाव्या अंगावर आडवी. गुडघा खरचटला, फूटरेस्ट वाकला, इंडिकेटर गेला.

टायर पाहिला तर गोटा. मधली नक्षी झिजून झिजखुणेच्या पातळीला आलेली. कडेला कोरलेले चार आकडे १६१९, म्हणजे २०१९ च्या सोळाव्या आठवड्यातला, गाडीबरोबर आलेला मूळ टायर. निदान तिथल्या तिथे झालं: टायर गेला, बदला. शनिवारी नवा टायर बसला, त्याच दिवशी सर्व्हिसिंग आणि वॉशिंगही उरकलं. गाडी चकाचक होऊन घरी आली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये डावीकडे वळताना चाक हलकंच सरकलं. फरशी गुळगुळीत म्हणून सोडून दिलं. सहाव्या दिवशी तेच, पण कोरड्या डांबरावर, त्याच गल्लीच्या वळणावर. या वेळी पाय टेकून गाडी सावरली. आता संशय नव्या टायरवर: माल खराब असणार.

टायर निर्दोष होता. जुना टायर बदलणंही बरोबरच होतं. चुकलं ते इतकंच की पडण्याचं सगळं खापर नक्षीवर फोडलं गेलं आणि बाकी काही कुणी पाहिलं नाही.

हळू वेगात पकड कमी का पडते

‘इतक्या हळू होतो, तरी घसरलो’ असं प्रत्येक जण म्हणतो. वेग कमी म्हणजे टायरवरचा ताण कमी, असं मनात घट्ट बसलेलं असतं. वळणात ताण वेगावरही ठरतो आणि वळणाच्या त्रिज्येवरही. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, हे शाळेतलं सूत्र इथे जसंच्या तसं लागू होतं.

गल्लीचं वळण पाच मीटर त्रिज्येचं धरा. पंधराचा वेग म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर. हिशेब केला की बाजूचा ताण निघतो वजनाच्या ०.३५ पट. गाडी जवळपास १९ अंश कललेली असते. हायवेच्या लांब वळणावर ऐंशीनं जातानाही टायरकडून अनेकदा इतकं मागितलं जात नाही. आता वेग पंधराचा बारा करा. ताण ०.३५ वरून ०.२३ वर येतो. तीनच किलोमीटरचा फरक, पण मागणी एक तृतीयांशानं घटली.

टायर किती देऊ शकतो ते रस्त्यावर अवलंबून आहे. चांगलं कोरडं डांबर वजनाच्या ०.७ ते ०.९ पट धरून ठेवतं. ओलं पण स्वच्छ डांबर ०.५ च्या आसपास. ओले रंगाचे पट्टे, ड्रेनेजचं लोखंडी झाकण, घासून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक यांवर आकडा ०.३ ते ०.४ पर्यंत खाली येऊ शकतो. तेलकट थर असेल तर त्याहूनही खाली. पुण्यात मे अखेरीस आणि जूनमध्ये गुलमोहराच्या पाकळ्यांचा चिखल याच यादीत येतो. दिसायला सुंदर, चाकाखाली साबण.

पहिला पाऊस वाईट असतो तो याच कारणानं. महिनोन्महिने रस्त्यावर साचलेली धूळ, टायरची भुकटी आणि गळालेलं तेल थोड्याशा पाण्यात कालवलं जातं आणि त्याचा लेप तयार होतो. अर्धा तास दणकून कोसळला की तो वाहून जातो. भुरभुर पडून थांबला की तसाच राहतो. म्हणून मुसळधार पावसापेक्षा वळवाची एक सर गाड्या जास्त पाडते.

आता दुसरी बाजू. टायरची पकड हा एकच साठा. वळण, ब्रेक आणि इंजिनची ओढ, तिन्ही त्यातूनच घेतात. बाजूचा ताण ०.३५ आणि त्याच क्षणी मागच्या चाकावर लांबीच्या दिशेनं ०.२८ चा ताण आला, तर दोन्ही मिळून मागणी होते ०.४५. ओल्या पांढऱ्या पट्ट्याकडे ०.४ सुद्धा नसतात. मग चाक सरकणार नाही तर काय होईल?

हा ०.२८ कुठून आला? गिअर पाडण्यातून. या वर्गाच्या गाडीत पहिल्या गिअरमध्ये इंजिन ते चाक एकूण गुणोत्तर साधारण २७ असतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे २७. चाकाचा परीघ १.९ मीटरच्या आसपास. पंधराच्या वेगात पहिल्या गिअरला इंजिन सुमारे ३,६०० फेऱ्यांवर असायला हवं. चालकानं क्लच दाबला तेव्हा ते आयडलिंगला, १,४०० वर, आलेलं होतं. क्लच झटकन सोडल्यावर १,४०० वरून ३,६०० वर इंजिनला कुणी नेलं? मागच्या टायरनं, रस्त्याला धरून. वेगळ्या शब्दांत, १,४०० फेऱ्यांचं इंजिन पहिल्या गिअरमध्ये चाकाला ताशी सहा किलोमीटरनं फिरवू पाहत होतं आणि गाडी पंधरानं चालली होती. क्षणभर का होईना, चाक ओढलं गेलं. दुसऱ्याच गिअरमध्ये राहिला असता तर इंजिन २,४०० वर सुखानं चाललं असतं. पहिला घेण्याची गरजच नव्हती.

हळू वेगातली एक खास अडचण इथेच आहे आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. चाकाचा आणि गाडीचा वेग थोडा वेगळा असला तरी टायर धरून ठेवतो. दहा ते वीस टक्के फरकापर्यंत पकड उत्तम असते, त्यापुढे ती गळू लागते. समजा कसल्याशा झटक्यानं चाकाचा वेग सेकंदाला एक मीटरनं बदलला. साठच्या वेगात हा फरक सहा टक्के, टायरला जाणवतही नाही. पंधराच्या वेगात तोच फरक चोवीस टक्के आणि पकड सुटलेली. म्हणजे क्लचचा हिसका, ढिल्या चेनचा झटका, ड्रम ब्रेकची अचानक पकड हे सगळं जोरात जाताना माफ होतं, हळू जाताना होत नाही. शिवाय या वेगात गाडी स्वतःहून उभी राहत नाही, हँडलनं तोल सांभाळावा लागतो. चाक सरकलं की सावरायला वेळच उरत नाही.

आणि नक्षी? नक्षीचं मुख्य काम पाणी बाजूला सारण्याचं. पाण्याच्या थरावर टायर तरंगणं ही ताशी ऐंशी-नव्वदच्या पुढची गोष्ट. पंधराच्या वेगात पातळ पाणी चाकाखालून सहज निसटतं. तिथे महत्त्व रबराच्या मऊपणाला. जुना टायर घसरला त्यात गोटेपणापेक्षा वयाचा वाटा मोठा असावा, कारण जुन्या टायरचं रबर कडक होतं. अंगठ्याचं नख रुतवून पाहा: ताज्या रबरात खूण उमटून हळूहळू भरते, वाळलेल्यावर नख नुसतं घसरतं. गोटा टायर चालवावा असा याचा अर्थ नाही. दुचाकीला ०.८ मिलिमीटर ही नक्षीची किमान मर्यादा आहेच, शिवाय पंक्चर आणि जोरातल्या पावसाचा धोका वेगळा. पण हळू वेगातल्या घसरणीची तक्रार घेऊन आलेल्या गाडीची फक्त नक्षी पाहून तपासणी संपवली तर निम्मं काम राहून जातं.

तपासणी

पहिला प्रश्न: डावीकडेच का? याची साधी उत्तरंही असू शकतात आणि ती आधी बाजूला काढायला हवीत. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळे डावं वळण नेहमी तीव्र आणि उजवं लांब. कडेची माती, खडी, गटाराचं पाणीही डाव्या वळणावरच. दुसरीकडे रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो, तो उतार डाव्या वळणाला मदतच करतो. पण तळघरात ना उतार ना खडी, आणि तिथेही चाक डावीकडेच सरकलं होतं. म्हणजे गाडीत काहीतरी एका बाजूचं आहे. या गाडीची चेन, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांसारखी, डाव्या बाजूला.

गाडी मेन स्टँडवर घेतली. पांढरा सुती फडका घेऊन टायरच्या उजव्या खांद्यावरून, म्हणजे वळताना टेकणाऱ्या बाजूच्या भागावरून, फिरवला: राखाडी धूळ. फडक्याची कोरी बाजू डाव्या खांद्यावरून फिरवली: काळा, चिकट, बोटाला ओशट लागणारा डाग. मध्यरेषेपासून दीड-दोन सेंटिमीटरवर सुरू होणारा आणि थेट कडेपर्यंत गेलेला पट्टा. १७ ते १९ अंश कललेली गाडी टायरच्या नेमक्या याच भागावर टेकते. सरळ जाताना हा पट्टा रस्त्याला लागतच नाही, म्हणून साठनं जाताना काही जाणवत नव्हतं.

रिमच्या आतल्या अंगावर आणि मडगार्डवर काळ्या ठिपक्यांची रांग होती. डाग कुठून आला ते कळायला आणखी काही लागलं नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी चेनला ब्रशनं जुनं इंजिन ऑईल मारलं होतं, भरपूर, आणि पुसलं नव्हतं. चाक फिरू लागलं की मागच्या स्प्रॉकेटवर (दातेरी चक्रावर) चेन वळते आणि जादा तेल बाहेर फेकलं जातं, शेजारीच टायर. तरीही पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण उघडून त्यामागचं ऑईल सील पाहिलं, कारण ते गळत असेल तरी तेल याच बाजूला येतं. सील कोरडं होतं. शंका असेल तर तो भाग स्वच्छ पुसून वीस किलोमीटर चालवायचं आणि पुन्हा बोट फिरवायचं.

उजवी बाजूही पूर्ण निर्दोष नव्हती. टायरच्या भिंतीवर, म्हणजे बाजूच्या उभ्या भागावर, चार थेंब पाणी टाकलं तर ते पसरण्याऐवजी मोत्यासारखं उभं राहिलं. वॉशिंग सेंटरवाल्यानं टायर पॉलिश मारलं होतं, तेही नुसतं भिंतीवर न थांबता खांद्यावर आलेलं. सिलिकॉनचं पॉलिश गाडीला शोरूमची चमक देतं. दुचाकीच्या टायरवर त्याला काहीही जागा नाही, कारण चारचाकीचा टायर भिंतीवर वळत नाही, दुचाकीचा जवळजवळ तिथपर्यंत टेकतो. इंजिन आणि चेन धुताना मारलेल्या डिझेलच्या फवाऱ्याचंही तेच. तो उडून टायरवर बसतो.

मग हवा. गाडी रात्रभर उभी, टायर थंड. गेजवर मागचा आकडा ४२ पीएसआय. चेनगार्डवरचा स्टिकर सांगतो एकट्याला २९, डबलसीट ३३. हे कसं झालं? नवा ट्यूबलेस टायर बसवताना त्याची कड रिमवर ‘टक’ आवाज करून बसेपर्यंत चाळीसच्या पुढे हवा भरावी लागते. ते बरोबर. मग ती उतरवायची असते, ते राहून गेलं. पंक्चरवाल्यांचा उलट समज असा की जास्त हवा म्हणजे पंक्चर कमी, मायलेज जास्त. ४२ वर टायर दगडासारखा फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो आणि खडबडीत डांबरात रबर शिरत नाही. गाडी चालवून गरम टायरची हवा मोजली तर आकडा तीन-चार पीएसआयनं फसवतो, म्हणून मोजायची ती सकाळी, निघण्याआधी.

नव्या टायरचं आणखी एक. साच्यातून निघालेलं रबर वरून चकचकीत आणि निसरडं असतं. ती त्वचा घासून जायला साधारण दीडशे किलोमीटर लागतात, असं सगळेच सांगतात. सांगायचं राहतं ते हे, की ती जिथे टेकते तिथेच घासते. सिंहगड रस्त्यावर सरळ दोनशे किलोमीटर गेले तरी घासला तो मधला दोन बोटांचा पट्टा. दोन्ही खांदे अजून कोरे होते, केसासारखे रबराचे तंतूही शाबूत. त्यात डाव्या खांद्यावर तेल.

चेनची लूज खालच्या बाजूला मधोमध मोजली: ४८ मिलिमीटर. या गाडीला २० ते ३० हवी. चाक फिरवून चार ठिकाणी मोजायची, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, आणि ताणायची ती सर्वांत घट्ट जागेवर मोजून. ढिली चेन स्वतः गाडी पाडत नाही, पण रेस सोडून पुन्हा दिली की आधी मोकळी लूज भरते आणि मग चाकाला दणका बसतो. स्प्रॉकेट हातानं मागेपुढे हलवला तर चाक न हलता तो स्पष्ट सरकत होता: हबमधले डॅम्पर रबर बसलेले. हा दणका गिळण्याचं काम त्यांचं. स्वस्तातला भाग आहे, चाक काढल्यावर हातासरशी दिसतो, आणि तरी पाच-सहा वर्षं कुणी बघत नाही.

मागच्या ब्रेकचा पेडल जेमतेम पाच मिलिमीटर खाली जात होता आणि लायनर लागत होते. मोकळी चाल २० ते २५ हवी. ‘ब्रेक कडक करून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला खूश करण्यासाठी नट पिळलेला असतो. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या ड्रममध्ये गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळचा पहिला ब्रेक झपकन धरतो. या गाडीचा एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक अडकलं तर त्याला सोडवणारं कुणी नाही. पिवळ्या स्टिकरवर ‘एबीएस’ वाचून अनेकांना वाटतं दोन्ही चाकांची सोय झाली.

बाकीचं पटकन: मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला बाजूची खेळी नाही, चाकाचं बेअरिंग ठीक, शॉकअप सीट दाबून सोडली तर एकदा वर येऊन थांबतात. त्यांची खाच मात्र डबलसीटच्या कडकपणावर होती, ती एकट्यासाठी दोन खाचा मऊ केली. चिमट्यावरच्या दोन्ही बाजूंच्या खुणांत चाक एक रेष तिरकं होतं, चेन ताणताना सरळ झालं.

दुरुस्ती, त्याच क्रमानं

आधी चेन, मग टायर. उलट केलं तर धुतलेल्या टायरवर पुन्हा तेल उडतं.

चेन रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं साफ केली, फडक्यानं कोरडी पुसली. इंजिन बंद ठेवून, चाक हातानं फिरवत. चालू गाडीत पहिला गिअर टाकून फडका धरणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. मग ९० नंबरचं गिअर ऑईल, चेनच्या खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूनं, प्रत्येक कडीला एक थेंब. पूर्ण चेनला चहाचा एक ते दीड चमचा पुरतो. पंधरा मिनिटं थांबून बाहेरून जे दिसेल ते सगळं पुसून काढलं. तेल कड्यांच्या आत हवं. बाहेर चकाकणारं तेल फक्त धूळ धरतं आणि उडतं. हे काम संध्याकाळी, गाडी रात्रभर उभी राहणार असताना केलेलं बरं. लूज २५ वर आणली, अ‍ॅक्सलचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळला, डॅम्पर रबर नवे घातले.

टायर भांड्यांच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं, कडक ब्रशनं, तीन वेळा धुतला. प्रत्येक वेळी पूर्ण खळखळून. तिसऱ्या वेळी पाण्याचे थेंब उभे न राहता पसरले आणि फडका राखाडीच निघाला. पेट्रोल किंवा थिनरनं पुसायचा मोह टाळायचा. तेल निघतं, पण रबरही त्यानं खराब होतं. रिमवरचे ठिपके साबणाच्या फडक्यानंच काढले, फवारा ड्रमच्या दिशेनं जाऊ दिला नाही. हवा २९. ब्रेकची चाल २२ मिलिमीटर. चाक हातानं फिरवलं की लायनर घासल्याचा आवाज येऊ नये.

टायर चांगला वाळल्यावर खांद्यांची त्वचा काढायची होती. सँडपेपरनं घासणारे आहेत, पण त्याची गरज नाही. कोरडा रस्ता, मंद वेग आणि रोज थोडंथोडं वाढवत नेलेलं कलणं यानं चार-पाच दिवसांत काम होतं.

पडताळणी

रविवारी सकाळी, रिकाम्या डांबरी जागेत, दोरी आणि खडूनं पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. आधी झाडून खडी काढली. हेल्मेट, हातमोजे, जाड जॅकेट, घोट्यावरचे बूट. स्पीडोमीटर इतक्या हळू वेगात भरवशाचा नसतो, म्हणून वेग घड्याळावर मोजला. परीघ ३१.४ मीटर. बारा सेकंदांचा फेरा म्हणजे ताशी साडेनऊ, दहा सेकंदांचा म्हणजे सव्वाअकरा, आठ सेकंदांचा म्हणजे चौदा. दुसरा गिअर, रेस स्थिर, क्लचला हात नाही.

पाच फेरे उजवीकडे, पाच डावीकडे, मग पुढचा वेग. ही चाचणी टायर धुतल्यानंतरच घेतली. तेलकट टायरवर ‘खरंच घसरतं का’ पाहायला वर्तुळं मारण्यात अर्थ नव्हता, फडक्यानं ते आधीच सांगितलं होतं. आठ सेकंदांच्या फेऱ्यात बाजूचा ताण ०.३१ आणि कलणं १७ अंश येतं. दोन्ही बाजूंना गाडी सारखीच बसली. डाव्या खांद्यावरची चमक फेऱ्यांगणिक कमी होत गेली आणि घासल्याच्या खुणा उजव्याइतक्याच लांब उमटल्या. डावी-उजवी पुन्हा एक झाली याचा याहून स्पष्ट पुरावा लागत नाही.

मग चालवण्याचा भाग. गल्लीच्या वळणाआधीच, गाडी सरळ असताना वेग बारावर आणायचा. ब्रेकचं काम झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे संपवायचं. गिअर दुसराच. पहिला घ्यावाच लागला तर गाडी सरळ असताना, थोडी रेस देऊन इंजिन वर आणायचं आणि क्लच हळू सोडायचा. पांढरे पट्टे शक्य तितके सरळ ओलांडायचे, वळणाचा तीव्र भाग पट्ट्यांच्या पलीकडे ठेवायचा. वळणात मागच्या ब्रेकवर पाय तयार असावा, दाबलेला नसावा. वळण संपताना पहिल्या गिअरमध्ये रेस पिळायची नाही. या इंजिनची कमाल ओढ पहिल्या गिअरमध्ये चाकाशी हजारेक न्यूटनपर्यंत जाते आणि मागच्या चाकावरचं वजन जेमतेम १,१८० न्यूटन. कोरड्या रस्त्यावरही हिशेब काठावरचा. दुसऱ्या गिअरमध्ये तीच ओढ सातशेवर येते.

एक प्रश्न पूर्ण सुटला नाही तो तळघराचा. गुळगुळीत सिमेंटची फरशी, वर गाड्यांतून गळालेलं तेल आणि ओले टायर. तिथे गाडीत करण्यासारखं काही उरलेलं नाही. चालण्याच्या वेगानं, गाडी शक्य तितकी उभी ठेवून वळायचं, आणि सोसायटीला फरशी डिटर्जंटनं घासून घ्यायला सांगायचं. रस्त्यावर डिझेल सांडलेलं दिसलं तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवता येतं. ते येऊन माती टाकेपर्यंत मागून येणाऱ्यांना हातानं हळू व्हायला सांगणं एवढंच आपल्या हातात असतं.

तीन महिन्यांनी गाडी पुन्हा सर्व्हिसिंगला गेली. या वेळी जॉबकार्डवर चालकानं स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहिल्या: टायरला पॉलिश नको. चेनला जुनं ऑईल नको, पुसून द्या. मागे हवा २९. गाडी हातात आली तेव्हा चेन कोरडी पुसलेली होती, गेजवर ३४ होते आणि दोन्ही टायर चमकत होते. हवा तिथेच कमी करून घेतली, आणि घरी पोचल्यावर, वरच्या मजल्यावर जाण्याआधी, पार्किंगमध्ये साबणाची बादली काढली.